चार दिवसांचं बिऱ्हाड

या महिन्याच्या पत्रांत तीन पत्रं एकाच विषयाची निघाली: सुट्टीत मुक्कामाच्या जागी घरचं जेवण कसं जमवायचं. डोंबिवलीच्या पत्राला जास्त जागा देते आहे, कारण तशाच घरातल्या किती तरी बायका यंदा सुट्टीला निघाल्या असतील.

प्रश्न: ताई, नमस्कार. नाताळच्या सुट्टीत आम्ही सहा जण चार दिवस नाशिकला येतो आहोत. मी, नवरा, सासू-सासरे, आठ वर्षांची मुलगी आणि साडेतीन वर्षांचा मुलगा. सासऱ्यांना मधुमेह आहे, बाहेरचं तिखट-तेलकट त्यांना सोसत नाही. धाकटा तर बाहेरचं काही तोंडात घेत नाही. म्हणून हॉटेलऐवजी गंगापूर रोडला स्वयंपाकघर असलेला फ्लॅट घेतला आहे. नवरा म्हणतो, दोन्ही वेळा घरीच करू, पैसेही वाचतील. मला पटतं, पण चारही दिवस ओट्यापाशी जातील अशी धास्ती वाटते. काय आणावं, काय तिथे घ्यावं, रोज काय करावं?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: तुमची धास्ती खरी आहे. सामानाचं सांगतेच, पण आधी एक आठवण सांगते.

आमचं घर पंचवटीत, गोदावरीवरच्या रामकुंडापासून चालत सात मिनिटांवर. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. वरचा मजला आम्ही बरीच वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्यांना देतो, स्वयंपाकघरासकट. 2015 च्या सिंहस्थात विदर्भातलं एक कुटुंब आलं होतं, नऊ माणसं. घरातल्या मोठ्या सूनबाई पन्नाशीच्या. पहाटे साडेचारला वर स्टो पेटल्याचा आवाज यायचा आणि रात्री अकराला भांड्यांचा. तिसऱ्या दिवशी दूध द्यायला गेले तेव्हा सहज विचारलं, "वहिनी, गंगेवर जाऊन आलात ना?" त्या कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "आज सांजच्याला भांडी झाली का जाईन." नागपूरकडून इतक्या लांब आलेली बाई, बारा वर्षांनी येणारं पर्व, सात मिनिटांवर नदी, आणि तिने पाणीही पाहिलं नव्हतं. मी त्यांच्या हातातली परात काढून घेतली, थोरल्या मुलाला वर बोलावलं आणि वहिनींना घेऊन निघाले. पायरीवर बसून त्यांनी आधी बोटांत अडकलेली कणीक नदीत धुतली. मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

तेव्हापासून मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक घराला मी एकच सांगते: जेवणासाठी दिवसातून एकदाच चूल पेटवा, आणि पोळ्या मुक्कामी लाटू नका. तुमच्या यजमानांचं "दोन्ही वेळा घरी" हे गणित बदलायला लावा. घरच्या स्वयंपाकात वेळ कशात जातो ते मोजून पाहा. वरण-भात कुकर करतो, भाजी वीस मिनिटांत होते. सहा माणसांच्या पोळ्या म्हणजे मळणं, लाटणं, भाजणं आणि नंतर ओटा पुसणं, यात सव्वा तास सहज जातो. नाशिकमध्ये पोळी-भाजी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. संध्याकाळी फिरून येताना वीस पोळ्या, आजोबांना चार भाकऱ्या बांधून आणा. भाजी-वरण तुमच्या हातचं, पोळी विकतची. यात कमीपणा काही नाही.

पैशांचं म्हणाल, तर सहा माणसांचा खरा खर्च चहा, दूध, नाश्ता आणि मुलांच्या अधल्यामधल्या भुकेवर होतो. तेवढं खोलीवर करा, बचत तिथेच होते. सकाळी उपमा, पोहे, अंडी, दूध-केळं, दोन वेळचा चहा. दुपारचं जेवण बाहेर, जिथे असाल तिथे. रात्री हलकं, घरी. एखाद्या सकाळी हाही क्रम मोडा, कारण नाशिकला येऊन मिसळ न खाता जाणं बरं नाही. ती खायची ती बाहेरच, पापड आणि दह्यासकट. आजोबांनी तर्री न घेता नुसती मटकी, दही घ्यावं, आणि धाकट्याचा खिमट भरलेला डबा बरोबर असू द्यावा.

सासऱ्यांचं नीट ऐका. मधुमेहाची काही औषधं आणि इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबलं तर साखर एकदम खाली येते. सुट्टीत नेमकं जेवणच लांबतं. त्र्यंबकेश्वर नाशिकपासून साधारण 30 किलोमीटर. रस्ता तासाभराचा, पण दर्शनाची रांग काही तासांची होऊ शकते, सोमवारी तर हमखास. त्या दिवशी सकाळीच डबा भरा: दोन दशम्या, कोरडी भाजी, मूठभर भाजलेले दाणे. खिशात साखरेची पुडी असू द्या. हात थरथरले, घाम आला, तर जेवणाची वाट न पाहता आधी साखर द्यायची. औषधाची वेळ कशी सांभाळायची ते निघण्यापूर्वी त्यांच्या डॉक्टरांना विचारून घ्या. बाहेरच्या जेवणात तिखटापेक्षाही गोड, मैदा आणि तेल जास्त नडतं. म्हणून तुमचं रात्रीचं घरचं जेवण त्यांच्यासाठी सगळ्यात मोलाचं आहे.

आता सामान. घरमालकांना आजच फोन करा आणि ओट्याचा, कपाटातल्या भांड्यांचा, फ्रीजचा फोटो मागवा. "किचन फुल्ली इक्विप्ड" या शब्दांवर जाऊ नका. आम्ही एकदा समुद्रकाठच्या एका फ्लॅटवर उतरलो होतो. कुकर छान, चकचकीत, पण रिंग वाळून तडकलेली. वाफ धरेना. तूरडाळ दीड तास उकळत बसले, तरी दाणा कडकच. शेवटी मुलं बिस्किटं खाऊन झोपली. म्हणून आता प्रवासाला निघताना माझ्या पिशवीत आमच्या तीन लिटरच्या कुकरची रिंग असते आणि डाळ मूगच असते, कारण मूगडाळ उघड्या पातेल्यातही अर्ध्या तासात शिजते.

घरून आणायचं ते थोडंच. स्वतःची सुरी आणि सोलाणं, कारण भाड्याच्या घरातली सुरी कधीच कापत नाही. लायटर, दोन फडकी, घासणी, झाकणाचे चार डबे. छोट्या मसाल्याच्या डब्यात मोहरी, जिरं, हळद, तिखट, गोडा मसाला आणि धणे-जिरे पूड. हिंग वेगळा, नाहीतर बॅगेतल्या सगळ्या कपड्यांना वास. पाव किलो भाजणी, मेतकूट, दाण्याचं कूट, घरचं लोणचं, तुपाची लहान बरणी. पहिल्या दिवसासाठी दुधात कणीक भिजवून केलेल्या दशम्या आणि लसणाची चटणी. दशम्या दोन दिवस मऊ राहतात, त्या दिवशी दुपारी कुठेही बसून खाता येतात.

आणि खिचडीच्या पुड्या. हे मी माझ्या सासूबाईंकडून शिकले. घरी निवांत बसून दोन वाट्या तांदूळ, दीड वाटी मूगडाळ धुऊन सावलीत खडखडीत वाळवायची. त्यात हळद, जिरं, सात-आठ मिरे, चमचाभर मीठ घालून पिशवीत बांधायचं, वर चिठ्ठी: "पाणी 10 वाट्या, 4 शिट्ट्या". अशा दोन पुड्या आणा. पाच लिटरच्या कुकरात सहा जणांची आसट खिचडी होते. चिठ्ठी वाचता येणारं घरातलं कोणीही ती लावू शकतं, आणि मुद्दा तोच आहे. यजमानांना लावू द्या. तुम्ही त्या वेळी गॅलरीत बसा. डिसेंबरात नाशिकची थंडी बोचरी असते, शाल घेऊन बसा.

डोंबिवलीहून भाजी, कांदे, टोमॅटो काही आणू नका. लासलगावचा कांदा, पिंपळगावचा टोमॅटो इथे जिल्ह्यातलाच. मुक्कामात बुधवार येत असेल तर गंगेवरच्या बुधवारच्या बाजारात सगळ्यांनी मिळून जा, मुलांनाही न्या. जमिनीवर पोती पसरून बसलेल्या बायका, पाण्याने ओल्या केलेल्या मेथीच्या जुड्या, मुळासकट कोथिंबीर, हिरवा हरभरा डहाळ्यांसह. मुलीच्या हातात पैसे द्या, तिला मटार निवडून घेऊ द्या. ते मटार रात्री सगळ्यांनी गप्पा मारत सोलायचे आणि खिचडीत टाकायचे. एका संध्याकाळी वांगी घ्या, भरताची मोठी. गॅसवर भाजा, कांदा-कोथिंबीर घालून कच्चं तेल टाका, भाकरीबरोबर आजोबा दोन घास जास्तच जेवतील. द्राक्षांचा खरा हंगाम जानेवारी सरता सरता सुरू होतो, त्यामुळे त्यांची फार आशा धरू नका. निघताना वाण्याकडून नाशिकची भगर आणि इगतपुरीकडचा इंद्रायणी तांदूळ मात्र घेऊन जा.

चार रात्रींचं असं बसतं: खिचडी-कढी, भरीत-भाकरी, पिठलं-भात, आणि शेवटच्या रात्री उरलेल्या सगळ्या भाज्या घालून दुसऱ्या पुडीची खिचडी. शिजलेला भात किंवा खिचडी दोन तासांपेक्षा जास्त बाहेर ठेवू नका, पसरट डब्यात घालून लगेच फ्रीजमध्ये. थंडी आहे म्हणून ओट्यावर राहिली तर चालेल असं वाटतं, पण बंद घरात ते चालत नाही. शिळ्या भातातले काही जंतू पुन्हा गरम केल्यावर मरतात, त्यांनी सोडलेलं विष मरत नाही, आणि लहान मुलाला ते फार त्रास देतं.

भांडी जेवणाऱ्यांनी आपापली घासायची. हे निघायच्या आधी, घरी बसून, सासूबाईंसमोर ठरवा. तिथे गेल्यावर ठरत नाही.

प्रश्न: आम्ही दोघं सिडकोत राहतो, पासष्टी ओलांडलेली. फेब्रुवारीत रेल्वेने दक्षिणेकडे पंधरा दिवस जाणार आहोत. यांना सांबार-डोसा चार दिवसांनी नको होतो, वरण-भात लागतो. गॅसची छोटी टाकी आणि शेगडी बरोबर घ्यावी का? की इंडक्शन?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: टाकी अजिबात नको, रिकामीसुद्धा नको. रेल्वेत ज्वालाग्राही वस्तू नेणं हा रेल्वे कायदा 1989 च्या कलम 164 खाली गुन्हा आहे: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिक्षेचं सोडा, डब्यात शेकडो माणसं झोपलेली असतात.

इंडक्शनचीही अडचण सांगते. ती साधारण 1800 ते 2000 वॉटची असते. लॉजच्या खोलीत पलंगाशेजारी असतं ते 6 अँपिअरचं बारीक सॉकेट. त्यावर 1300-1400 वॉटच्या वर भार टाकायचा नसतो. जाड पिनेचं 16 अँपिअरचं सॉकेट बहुतेक एसी किंवा गीझरला अडकलेलं. अडॅप्टर लावून जबरदस्ती केली की वायर तापते. शिवाय अॅल्युमिनियमचं भांडं चालत नाही. भांड्याच्या बुडाला लोहचुंबक चिकटला, तरच ते इंडक्शनवर तापेल.

तुम्हा दोघांना एक लिटरचा विजेवरचा राइस कुकर पुरेल. तो 400 वॉटच्या आसपास असतो, साध्या सॉकेटवर बिनघोर चालतो. त्यात मूगडाळ-तांदूळ एकत्र लावा, वरून तूप-मेतकूट. तूरडाळच हवी असेल तर तासभर गरम पाण्यात भिजवून मग लावा. किटलीत मात्र दूध किंवा शेवया उकळू नका, तळाला करपतं आणि ती किटली पुढच्या माणसाच्याही कामाची राहत नाही. खोलीत शिजवायला काही ठिकाणी साफ मनाई असते. बुकिंग करतानाच विचारा, लपवून करू नका, धुराचे अलार्म असतात. धर्मशाळा आणि भक्तनिवास यांत बऱ्याचदा सामायिक स्वयंपाकघर मिळतं, त्याची चौकशी आधी करा.

प्रश्न: त्र्यंबक रस्त्याला आमचं जुनं घर आहे, दोन खोल्या कुटुंबांना भाड्याने देणार आहोत. 2027 च्या सिंहस्थाची तयारी म्हणून आताच सुरुवात करतो आहोत. स्वयंपाकघरात नेमकं काय ठेवावं?
– एक वाचक, नाशिक जिल्हा

उत्तर: थोडं ठेवा, पण धडकं ठेवा. पाच लिटरचा कुकर, कढई, लोखंडी तवा, झाकणासह दोन पातेली, सांडशी, किसणी, चहाची गाळणी, दोन धारदार सुऱ्या, आठ ताटं-वाट्या, आणि उरलेलं ठेवायला झाकणाचे डबे. डबे कोणी ठेवत नाही, मग अन्न वाया जातं. एक जाड पिनेचं सॉकेट ओट्याजवळ इलेक्ट्रिशियनकडून वेगळी वायर ओढून घ्या. सकाळी सहाला गीझर आणि विजेची शेगडी एका वायरवर चालू झाली की मेन पडतो आणि पाहुणे अंघोळीविना बसतात. माझ्याकडे हे झालं आहे.

भिंतीवर मोठ्या अक्षरात एक कागद लावा: गॅसची टाकी कुठे बंद होते, पिण्याचं पाणी कोणतं, ओला कचरा कुठे टाकायचा, जवळचं पोळी-भाजी केंद्र, दूध कुठे आणि किती वाजता मिळतं, रात्री दुखलं-खुपलं तर जवळचा दवाखाना कोणता. आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस चपला काढायच्या आधी तो कागद वाचतो. आणि कुकरच्या दोन जादा रिंगा खिळ्याला अडकवून ठेवा, दिसतील अशा.