कोड सगळ्यांचा, एन्व्हायर्नमेंट ज्याचं त्याचं

प्रश्न : आमचं पाणलोट सर्वेक्षणाचं छोटं ऑफिस आहे, आम्ही पाच जण. पावसाच्या नोंदींवर चालणाऱ्या पायथन स्क्रिप्ट्स नेटवर्क ड्राइव्हवर आहेत आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटही (स्क्रिप्टला लागणारी पॅकेजेस, म्हणजे इतरांनी लिहिलेला तयार कोड, ठेवायची वेगळी जागा) तिथेच, त्याच फोल्डरात. माझ्या मशीनवर तो झेड ड्राइव्ह आहे, तिथे सगळं चालतं. सहकाऱ्याकडे तोच वाय आहे. त्याने पिप (पॅकेजेस बसवणारं साधन) चालवलं की 'फेटल एरर इन लाँचर' येतं. माझ्याकडेही स्क्रिप्ट सुरू व्हायला फार वेळ लागतो. चुकतंय कुठे? – एक वाचक, नाशिक

उत्तर : स्क्रिप्ट्स ठीक आहेत, एन्व्हायर्नमेंटची जागा चुकली आहे. त्या फोल्डरात 'पायव्हेन्व डॉट सीएफजी' नावाची छोटी फाइल आहे, ती नोटपॅडमध्ये उघडा. 'होम' या शब्दापुढे तुमच्या मशीनवरच्या सी ड्राइव्हचा पत्ता दिसेल, बहुधा तुमच्या युजरनेमसकट. म्हणजे शेअरवर, त्या नेटवर्क ड्राइव्हवर, पूर्ण पायथन नाहीच. ते तुमच्या मशीनवर आहे आणि सहकाऱ्याच्या मशीनवर तो पत्ता सापडत नाही. शिवाय 'स्क्रिप्ट्स' फोल्डरातल्या पिपच्या एक्झी फाइलमध्ये झेडपासूनचा पूर्ण पत्ता कोरलेला असतो. वायवर ती अडणारच.

सगळ्यांकडे एकच अक्षर केलं आणि पायथन एकाच जागी बसवलं, तर हे सुटेल. पण संथपणा राहील. पांडास हे डेटा हाताळायचं पॅकेज इम्पोर्ट करताना, म्हणजे स्क्रिप्टमध्ये घेताना, पायथन शेकडो फाइली शोधतं, उघडतं; नेटवर्कवर अशा प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरकडे फेरी होते. मोठी एकच फाइल शेअरवरून झटकन येते, बारक्या हजार येत नाहीत.

आणि तिसरा धोका मी स्वतः भोगलाय. आधीच्या नोकरीत आम्हा चौघांचं एकच एन्व्हायर्नमेंट शेअरवर होतं. एका संध्याकाळी मी नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेज अपग्रेड करायला घेतलं, तेव्हा दुसऱ्या मशीनवर कुणाची तरी स्क्रिप्ट चालू होती. विंडोज वापरात असलेली फाइल पुसू देत नाही. पिप 'अॅक्सेस इज डिनाइड' म्हणून मध्येच थांबलं. पाहिलं तर पॅकेजच्या नावाचं पहिलं अक्षर गायब, तिथे ~ ही खूण, जुनं अर्धं निघालेलं आणि नवं बसलेलं नाही. चौघांचंही काम बंद पडलं. तो अहवाल दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता, म्हणून सांगते, हे टाळाच.

आता काय करायचं? पाचही मशीनवर पायथनची एकच आवृत्ती बसवा, समजा ३.११. तुमच्या चालू एन्व्हायर्नमेंटमधून 'पिप फ्रीझ' करून रिक्वायरमेंट्स फाइल (बसवलेल्या पॅकेजेसची आवृत्त्यांसह यादी) काढा आणि ती शेअरवर कोडशेजारी ठेवा. मग प्रत्येकाने आपापल्या सी ड्राइव्हवर, पाचही मशीनवर एकाच नावाच्या फोल्डरात, एन्व्हायर्नमेंट नव्याने बनवावं आणि त्या फाइलवरून पॅकेजेस बसवावीत. जुना फोल्डर कॉपी करून सी वर आणू नका. एन्व्हायर्नमेंट हलवण्याजोगं किंवा कॉपी करण्याजोगं नसतं, असं पायथनच्या अधिकृत माहितीतच म्हटलंय. व्हीएस कोड हा एडिटर वापरत असाल तर 'सिलेक्ट इंटरप्रिटर'मध्ये सी वरचं पायथन निवडा.

इंटरनेट कमी असेल तर 'पिप डाउनलोड'ने सगळ्या व्हील फाइली (बसवायला तयार पॅकेजेस) एकदाच उतरवून शेअरवर ठेवा आणि पिपला 'नो इंडेक्स' (इंटरनेटवरच्या यादीत शोधू नको) व 'फाइंड लिंक्स' (या फोल्डरात शोध) सांगून तिथूनच बसवायला लावा. शेअरचा हा उपयोग मला फार आवडतो. नवं पॅकेज ज्याने घेतलं त्याने त्याच दिवशी रिक्वायरमेंट्स फाइल बदलायची, एवढं मात्र पाचही जणांनी पाळायला हवं.

शेअरवरचं जुनं एन्व्हायर्नमेंट लगेच पुसू नका. कुणाचीही स्क्रिप्ट चालू नसताना त्याचं नाव बदला आणि आठवडाभर थांबा. कुणाची तरी विसरलेली बॅच फाइल अजून तिकडेच बोट दाखवत असेल, तर ती या आठवड्यात सापडेल.