डेटा गेलेला नाही, व्हर्च्युअलस्टोअरमध्ये बघ

विंडोजवरच्या तुझ्या जुन्या प्रोग्राममधल्या कालच्या नोंदी दिसेनाशा झाल्या, म्हणून घाबरू नकोस, आणि प्रोग्राम काढून पुन्हा टाकायची घाई तर मुळीच नको. विंडोज व्हिस्टापासून, म्हणजे 2007 पासून, प्रोग्राम एरवी ॲडमिनिस्ट्रेटरच्या नव्हे, तर साध्या हक्कांवर चालतात, आणि त्यांना 'प्रोग्राम फाइल्स'मध्ये, म्हणजे प्रोग्राम जिथे बसवले जातात त्या फोल्डरमध्ये, लिहिता येत नाही. जुना 32-बिट प्रोग्राम तिथे लिहायला गेला, की विंडोज ती फाइल परस्पर तुझ्या युजर फोल्डरमध्ये ॲपडेटा, लोकल, व्हर्च्युअलस्टोअर इथे ठेवतं. प्रोग्रामला पत्ताही लागत नाही! ॲपडेटा लपवलेला असतो, म्हणून आधी एक्सप्लोररमध्ये 'हिडन आयटम्स' चालू कर.

'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' केलंस, म्हणजे प्रोग्राम ॲडमिनिस्ट्रेटरच्या हक्कांनी चालवलास, तर मात्र प्रोग्राम मूळ फोल्डरमधली जुनी फाइल उघडतो आणि कालच्या नोंदी गायब वाटतात. तुझ्याकडे बहुधा हेच झालंय. दोन्ही जागच्या फाइलींच्या तारखा बघ, दोन्ही पेनड्राइव्हवर घे, मगच पुढचं काही कर.