अंतर्द्वंद्व, कर्मभूमी आणि परागंदा मेदेआ

एका वाचिकेने युरिपिडीस या ग्रीक नाटककाराच्या 'मेदेआ' नाटकावरच्या निबंधातलं आपलं वाक्य पाठवलंय : 'मीडियाच्या मनात जन्मभूमी व कर्मभूमी यांचे अंतर्द्वंद चालू आहे, ती एक स्थलांतरीत माता आहे.' त्यांचे प्रश्न दोन. 'द्वंद' की 'द्वंद्व'? आणि 'स्थलांतरित' हा शब्द पक्ष्यांना किंवा मजुरांना लावल्यासारखा वाटतो, तर दुसरा कुठला?

शुद्धलेखनाचं आधी उरकून टाकू. 'द्वंद्व'च. 'द्व' दोनदा, कारण मुळात अर्थच जोडीचा; द्वंद्व समासातला तोच हा शब्द. बोलताना शेवटचा 'व' गळतो, म्हणून लिहितानाही गळतो, एवढंच. 'स्थलांतरित'मधला 'इत' पुष्पित, अंकुरित यांतला, तेव्हा तो ऱ्हस्व. आणि नायिकेला कृपा करून 'मीडिया' म्हणू नका, पहिल्याच ओळीत वाचक पत्रकार परिषदेत जाऊन बसतो. 'मेदेआ' लिहा, ग्रीक उच्चारालाही ते जवळचं आहे.

पण शुद्ध लिहूनही वाक्य जमत नाही, आणि माझी खरी हरकत तिथे आहे. द्वंद्वाला दोन पक्ष लागतात, दोन्ही जिवंत. मेदेआला कोल्किस, म्हणजे काळ्या समुद्राच्या पूर्वेचा आजच्या जॉर्जियाचा किनारा, उरलेलाच नाही. पुढे नवरा झालेल्या ग्रीक जेसनला सोनेरी लोकर मिळावी म्हणून तिने बापाला फसवलं, भावाचा जीव घेतला. परत जायचं कुणाकडे? आता ती राहते त्या ग्रीक नगरातल्या, कोरिंथच्या बायकांपुढे ती हेच सांगते : मला आई नाही, भाऊ नाही, या संकटात आसरा घ्यावा असा नातलग नाही. तिला देशाची आठवण येते, पश्चात्तापही होतो, पण 'इथे राहू की तिथे जाऊ' हा प्रश्न तिच्यापुढे नाहीच. याला मराठीत द्वंद्व म्हणत नाहीत, माहेराला पारखी होणं म्हणतात.

'कर्मभूमी' तर त्याहून चुकीचा. पुराणांत हा शब्द भारतवर्षाला लावलेला दिसतो, जिथे केलेल्या कर्माचं फळ मिळतं ती भूमी. आज आपण तो 'जन्मभूमी रत्नागिरी, कर्मभूमी पुणे' असा गौरवाने वापरतो. कोरिंथमध्ये मेदेआचा कसला गौरव? राजा क्रेऑन तिला मुलांसकट हद्दपार करतो आणि मिनतवारीनंतर जेमतेम एका दिवसाची सवलत देतो. हा शब्द शोभलाच तर जेसनच्या तोंडी शोभेल. राजकन्येशी लग्न लावून वर तोच मेदेआला ऐकवतो की तुला रानटी मुलखातून ग्रीसमध्ये आणलं, इथे कायदा कळला, कीर्ती मिळाली. नेमकी कर्मभूमीची भाषा!

'सासर' म्हणावं असं आधी सुचतं, पण तेही बसत नाही. जेसनचं गाव इओल्कस, आणि तिथूनही दोघांना पळावं लागलेलं. कोरिंथ हे आसऱ्याचं नगर, बस्स. 'दत्तक देश' वापरू नका, मराठीत माणूस दत्तक जातो, देश नाही.

'स्थलांतरित'ऐवजी माझं मत 'परागंदा'ला. फारसीतून आलेला, विखुरलेला असा मूळ अर्थ असलेला हा शब्द मराठीत मुलूख सोडून पळावं लागलेल्या माणसासाठी मुरलाय. स्थलांतरितामागे पोट असतं, परागंद्यामागे कुणीतरी लागलेलं असतं. मेदेआ दोनदा परागंदा झालेली आहे आणि तिसऱ्यांदा व्हायच्या बेतात आहे.

मग अंतर्द्वंद्व कुठेच नाही का? आहे की, आणि जबरदस्त आहे, फक्त ते दोन देशांतलं नाही. जेसनवर सूड म्हणून ती आपल्याच मुलांना मारायचं ठरवते. पण मुलं तिच्याकडे बघून हसतात आणि तिचा निश्चय ढासळतो : नको, घेऊनच जाते यांना. पुढच्याच क्षणी, शत्रूंना हसू द्यायचं? पुन्हा सूड. मग मुलांचे हात हातात घेते, कातडीचा मऊपणा, श्वासाचा गोड वास... आणि त्यांना आत पाठवते. इथे 'घालमेल' लिहू नका. घालमेल पाहुण्यांना उशीर झाला तरी होते.

परकी आई म्हणजे काय, हे युरिपिडीसच्या प्रेक्षकांना सांगावं लागत नव्हतं. नाटक इ.स.पू. ४३१ मधलं. त्याआधी वीस वर्षं, ४५१ साली, अथेन्सचा पुढारी पेरिक्लीस याने आई आणि बाप दोघंही अथेन्सचे असतील तरच मूल नागरिक, असा कायदा करून घेतला होता. आई परकी, तर मूलही परकं! (स्पर्धेत नाटक तिसरं आलं. नाटककार तीनच होते.)

न्यू जर्सीतल्या मराठी आईवर कुणी नाटक लिहिलं तर तुमचं वाक्य तिला बरंच लागू पडेल, तिला परतीचं विमान आहे. तरीही 'जन्मभूमी'ऐवजी 'तिकडे' आणि 'इकडे' लिहा. त्या घरांत तेच बोलतात, आणि कुठलं 'तिकडे' म्हणजे भारत आणि कुठलं अमेरिका, हे ती त्या वेळी कुठे बसून बोलतेय त्यावर ठरतं.

तुमचं वाक्य मी असं करेन : 'मायदेशातून परागंदा झालेली मेदेआ आसऱ्याच्या नगरातही परकीच राहिली, तिच्या मनातलं अंतर्द्वंद्व पेटतं ते मुलांवरून.'