लिंबू, आले, लसूण आणि ॲपल सायडर व्हिनेगरच्या काढ्याने हृदयातील ब्लॉकेज निघते का?

वडिलांच्या अँजिओग्राफीत ७० टक्के ब्लॉकेज निघाले आहे आणि नातेवाइकांनी सुचवलेला हा काढा मध घालून घेतल्यास अँजिओप्लास्टी टळेल का, असे आपण विचारले आहे. काढ्याने ती टळणार नाही. काही रुग्णांना केवळ गोळ्यांवर ठेवता येते, पण तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञांनी तपासण्या पाहून घ्यायचा असतो.

हा काढा लालबागच्या आमच्या घरी काकांसाठी झालेला आहे. चारही पदार्थांचे एकेक कप रस तीन कप उरेपर्यंत आटवताना व्हिनेगरच्या वाफेने डोळे असे चुरचुरले की, सगळे गॅलरीत येऊन उभे राहिलो. नंतर ॲल्युमिनियमचे पातेले आतून नव्यासारखे लख्ख निघाले, तेव्हा काकू म्हणाल्या, "भांडं एवढं निघतं, तर नसा का नाही निघणार?" या काढ्यावरचा लोकांचा सगळा विश्वास त्या एका प्रश्नात आहे. वास्तविक आम्लाने पातेल्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळून काढ्यातच उतरला होता. (करायचाच असेल तर निदान स्टीलच्या भांड्यात करावा.)

नसांपर्यंत मात्र ते आम्ल आम्ल म्हणून पोहोचतच नाही. व्हिनेगरमधील ॲसेटिक ॲसिड शरीर अन्नासारखेच वापरून टाकते आणि रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ याच मर्यादेत राखते. शिवाय ब्लॉकेज म्हणजे नळात साचलेला क्षार नव्हे. कोलेस्टेरॉल, तंतुमय ऊती आणि कॅल्शियम यांचा तो थर रक्तवाहिनीच्या भिंतीच्या आत वाढलेला असतो. लसणाचा गुण ज्या ॲलिसिनमुळे सांगतात, ते तर उकळण्यातच बहुतांशी नष्ट होते.

मधाचा हिशेब सहसा कोणी करत नाही. तीन कप आटवलेल्या रसात तीन कप मध घातला, तर रोजच्या तीन मोठ्या चमच्यांत, म्हणजे सुमारे ४५ मिलिलिटरमध्ये, साधारण २५ ग्रॅम साखर पोटात जाते, तीही अनशापोटी. वडिलांना मधुमेह असल्यास हे मुळीच चालणार नाही. जेवणासोबत घेतलेल्या व्हिनेगरने जेवणानंतरची साखर थोडी कमी चढते हे खरे आहे, पण इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या चालू असताना तोही परिणाम डॉक्टरांना ठाऊक असायला हवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांसोबत भरपूर लसूण घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. दातांचे एनॅमल आम्लाने झिजते ते वेगळेच.

चवीसाठी लिंबू किंवा कोकमाचे सरबत बेताच्या साखरेचे खुशाल द्यावे. काढा सुरू झालाच असेल, तर पुढच्या भेटीला ती बाटलीच सोबत न्यावी, कारण डॉक्टरांनी विचारल्यावर वडील बहुधा "घरगुती काही घेत नाही" असेच सांगतील. आमच्या काकांनीही तेच सांगितले होते.