जोस्कँ की ला ऱ्यू, हे मॉडेलकडून ओळखून घ्यायचं असेल तर

प्रश्न असा: जोस्कँ दे प्रे (मृत्यू १५२१) आणि पिएर द ला ऱ्यू (मृत्यू १५१८) या युरोपातल्या समकालीन संगीतकारांच्या, अनेक आवाजांत एकत्र गायच्या रचना मशीन लर्निंगने वेगळ्या ओळखता येतात का? सुरुवात कुठून करायची?

येतात. पण निम्म्याहून जास्त काम मॉडेलच्या आधीचं आहे. फाइली एकसारख्या नसतील तर मॉडेल संगीतकाराऐवजी संपादक ओळखायला शिकतं, आणि अचूकतेचा आकडा झकास दिसत असल्यामुळे ते लक्षातही येत नाही.

दोघांच्याही रचना स्टॅनफर्डच्या जोस्कँ रिसर्च प्रोजेक्टमधून (त्या काळच्या रचनांचा ऑनलाइन संग्रह) घ्या. एकाच्या तिथून आणि दुसऱ्याच्या कुठल्यातरी मिडी (स्वर आकड्यांत साठवणाऱ्या फाइली) साइटवरून, हे नको. जुनी स्वरमूल्यं (स्वर किती वेळ टिकवायचा ते) कोणी तशीच ठेवतो, कोणी निम्मी करून छापतो. टेम्पो तोच राहिला की दुसरी फाइल दुप्पट जलद वाजते. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे मुझिका फिक्ता, म्हणजे न लिहिता गायकाने आपणहून चढवायचे-उतरवायचे स्वर. उदाहरणार्थ, डी या स्वरावर थांबताना वरचा आवाज सी-डी आणि खालचा ई-डी असा जातो. तो सी गायक चढाच गात, लिहिलेला मात्र बहुधा साधा. संपादकाने चढवला तर मिडीत ७३, नाही तर ७२. खालच्या ई (६४) पासूनचं अंतर ९ किंवा ८ अर्धस्वर. असे थांबे एका रचनेत डझनांनी असतात, त्यामुळे अंतरांचा अख्खा हिस्टोग्राम (कुठलं अंतर किती वेळा आलं त्याचा आलेख) सरकतो. एकच धोरण ठरवा आणि सगळीकडे लावा.

म्युझस्कोर या स्वरलेखनाच्या प्रोग्रॅममध्ये सगळ्या आवाजांना एकच वाद्य आणि एकच टेम्पो द्या, फर्माटा, म्हणजे स्वर लांबवायची खूण, पुसून टाका (काही प्रोग्रॅम त्यामुळे टेम्पो मंदावतात), मग मिडी काढा. फीचर, म्हणजे रचनेची मोजता येणारी वैशिष्ट्यं, काढायला जेसिम्बॉलिक हा प्रोग्रॅम. २.२ आवृत्तीत २४६ फीचर आहेत, सुटे आकडे मोजले तर १,४९७. त्यातले वाद्य, टेम्पो आणि आवाजाची तीव्रता यांचे बंद करा; १५०० सालच्या हस्तलिखितात यातलं काहीच नाही.

शंभर-दोनशे फाइलींना हजारभर आकडे म्हणजे ओव्हरफिटिंगला, मॉडेलने शिकण्याऐवजी पाठांतर करण्याला, आमंत्रण. दोन गटांत सरळ रेषेने फरक करणारं साधं मॉडेल, लिनियर एसव्हीएम, पुरतं; आकडे एका मापात आणणारं स्केलिंग पाइपलाइनच्या आत, म्हणजे फक्त ट्रेनिंगच्या फाइलींवरून ठरवलेलं. चाचणीची विभागणी मात्र जपून. एका मिस्सेचे (चर्चच्या प्रार्थनेसाठीची अनेक भागांची रचना) किरिएपासून आन्युसपर्यंतचे भाग बहुधा एकाच सुरावटीवर उभे असतात. किरिए ट्रेनिंगमध्ये आणि आन्युस टेस्टमध्ये गेला की पेपर फुटलाच. पायथनच्या सायकिट-लर्नमधलं, एक ग्रुप कधीच न फोडता विभागणी करणारं ग्रुपकेफोल्ड वापरा, ग्रुप म्हणजे अख्खी मिस्सा. आवाजांची संख्याही सारखी ठेवा, चारला चारच.

ट्रेनिंगमध्ये खात्रीच्याच रचना हव्यात. जोस्कँच्या नावावर इतकं खपवलं गेलंय की १५४० मध्येच गेओर्ग फोर्स्टर या जर्मन संपादकाने, मेल्यावर तो जिवंतपणापेक्षा जास्त रचना करतोय, हा टोमणा छापला होता. संशयास्पद रचना बाजूला ठेवून शेवटी मॉडेलला दाखवा. पण त्याआधी ओकेगेम या तिसऱ्याच संगीतकाराच्या काही रचना त्याला दाखवून बघा. मॉडेलपुढे पर्याय दोनच, त्यामुळे तिसऱ्याची रचनाही ते यांच्यातल्याच एकाच्या खात्यात टाकणार. ओकेगेमलाही ते ठामपणे ‘जोस्कँ’ म्हणालं, तर संशयास्पद रचनांबद्दलच्या त्याच्या ठामपणाला काही किंमत नाही.