रुग्ण तपासताना ‘सामान्य स्वरूप’ पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?

स्टेथोस्कोप हातात घेण्याआधीच तपासणी सुरू झालेली असते. रुग्ण दारातून आत येतो तेव्हा त्याची चाल बघा, खुर्चीवर कसा बसतो ते बघा. हे पहिलं अर्धं मिनिट कागदपत्रं चाळण्यात घालवू नका, एवढी कळकळीची विनंती.

सर्वांत आधी एकच ठरवायचं: माणूस गंभीर दिसतोय का? एक वाक्य सलग बोलता येत नसेल, दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून पुढे वाकून बसला असेल, मानेचे स्नायू प्रत्येक श्वासाला ताणले जात असतील, तर बाकीचं नंतर; आधी श्वासाकडे लक्ष द्या. घामाने थबथबलेला, फिकट, गोंधळलेला रुग्णही तितकाच तातडीचा.

पोटदुखीत तर नुसतं पाहून बरंच कळतं. मूतखड्याच्या कळा येणारा रुग्ण तळमळतो, कुठल्याच कुशीवर त्याला चैन पडत नाही. पोटाच्या आतल्या आवरणाला सूज आलेला मात्र निपचित पडून राहतो, कारण जरा हललं तरी दुखतं. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की विसरत नाही.

मग रंग: डोळ्यांत कावीळ, ओठ-जिभेवर निळसरपणा, पापणीच्या आत फिकटपणा. हे शक्यतो दिवसाउजेडी पाहा, पिवळ्या दिव्याखाली हलकी कावीळ सहज निसटते. शरीराची ठेवण, कानशिलाजवळचे खोलगट झालेले स्नायू, कपड्यांची निगा, श्वासाचा वास हेही टिपा.

आणि नोंदीत ‘बरा दिसतो’ एवढंच लिहू नका. जे दिसलं तेच लिहा.