आधी पाणी मोज

प्रिय,

रविवारी झोपाळ्यावर बसून तू वही पुढे केलीस आणि विचारलंस, काकू, यातलं खरं कुठलं लिहू? मी तेव्हा उत्तर न देता शेव-उसळीची वाटी पुढे सरकवली, आणि तू हिरमुसून निघालीस ते मला गॅलरीतून दिसलं. म्हणून आज लिहायला बसले.

तुझ्या प्रयोगाचे दोन राऊंड मी नीट वाचले. कोचीच्या टाकीत कल्लुमक्काया, म्हणजे कोकणात ज्याला शिनाणं म्हणतात तो शिंपला, आणि दक्षिण अमेरिकेकडून आलेली त्याच्यासारखीच चारू मसल एकत्र ठेवलीस. पहिल्यांदा शिनाण्याचं मांस रोडावलं, दुसऱ्यांदा काही फरक नाही, आणि आता तुझे गाईड म्हणतात पहिला छापू, दुसरा बिघडलाय. अगं, समासात बघ ना, तुझ्याच अक्षरात आहे! पहिल्या वेळी शेवाळाचं कल्चर नीट वाढलं नाही म्हणून त्यांचं खाणं, म्हणजे ते शेवाळ, दिवसातून एकदाच घातलंस, दुसऱ्या वेळी भरपूर होतं म्हणून दोनदा. बिघडलं काहीच नाही. दोघी एका पाण्यात राहतात, एकच खातात, म्हणून लगेच स्पर्धा होत नाही, खाणं कमी पडलं तरच होते, आणि कमी पडलं हे दाखवावं लागतं. आधी पाणी मोज, म्हणजे त्यात शेवाळ किती आहे ते. टाकीतलं मोज आणि बॅकवॉटरमधलंही मोज, कारण तिथे तुझ्या पहिल्या राऊंडसारखी परिस्थिती आहे की दुसऱ्या, हाच तर सगळा प्रश्न आहे.

आणखी एक. तू दहा शिनाणी एकटी ठेवलीस आणि दहा शिनाण्यांत दहा चारू घातल्या. मग त्या टाकीत तोंडं वीस झाली ना? रोडावली ती चारूमुळे की गर्दीमुळे, कसं सांगणार? वीस शिनाण्यांची टाकी पाहिजेच. स्वतःच्याच जातीची दहा जास्त असताना जेवढी रोडावतात त्याहून चारूबरोबर जास्त रोडावली, तरच परदेशीला बोल लाव.

आणि टाकीसमोर बस जरा, नुसतं रीडिंग घेऊन पळू नकोस. शिंपला किंचित फाकतो, कडेची झालर बाहेर येते, पाणी आत ओढलं जातं, आणि थोड्या वेळाने नको असलेला कण न् कण शेंबडाच्या दोरीत गुंडाळून तो बाहेर टाकतो. पाण्यातून गेलं ते सगळं पोटात गेलं असं नसतं, ती दोरी तळाशी पडलेली असते. शिवाय शेवाळ आपोआपही खाली बसतं, म्हणून एक बीकर बिनशिंपल्याचा ठेवायचाच. हे तुला सांगावं लागतंय याचा मला थोडा रागच आला, खरं सांगते.

राग तुझ्यावर नाही तेवढा. मी हेच केलंय. मुंबईच्या गोदीत पाण्यात लाकडी फळ्या टांगून त्यांवर काय चिकटतं ते तीन वर्षं मोजत होते, बडोद्याहून रात्रीच्या गाडीने जायचं, फळ्या खरवडायच्या, मोजायचं, परत. ती काळ्या पट्ट्यांची छोटी मसल, मूळची मेक्सिकोच्या आखाताकडची, आपल्याकडे १९६७ मध्ये विशाखापट्टणमला सापडली. माझ्या फळ्यांवर ती वाढत गेली, स्थानिक कालवं कमी होत गेली, आणि मी निष्कर्षात ठोकून दिलं, अन्नासाठी स्पर्धा. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या बाईंनी एवढंच विचारलं, पाण्यात क्लोरोफिल, म्हणजे शेवाळाचं हिरवं द्रव्य, किती होतं? माझ्याकडे एकही आकडा नव्हता. कालवं भुकेने गेली की बसायला जागाच उरली नाही म्हणून गेली, मला आजही माहीत नाही. डिग्री मिळाली, पण ते वाक्य छापलं गेलं, लोकांनी पुढे वापरलं, आणि मला ते परत घेता आलं नाही. क्लोरोफिल काढायला लागतं ते ॲसिटोन मिळायचं नाही, आई आजारी होती, सर म्हणायचे मोजणी पुरे झाली, हे सगळं खरं आहे. पण एक फिल्टर पेपर आणि एक बाटली मी नेऊ शकले असते.

त्यानंतर पाण्याच्या आकड्यांशिवाय मी एकाही मुलाच्या कामावर सही केली नाही. एक मुलगा सहा महिने थांबवला म्हणून चिडून दुसरीकडे गेला, लोकांनी मला हट्टी म्हटलं. म्हणू देत. आजही सही केली नसती.

सॅन फ्रान्सिस्को बेमध्ये १९८६ मध्ये एक छोटा आशियाई शिंपला सापडला आणि दोनेक वर्षांत उत्तरेकडच्या भागात उन्हाळ्यात येणारा शेवाळाचा बहर गायब झाला. तिथे शेवाळ त्या शिंपल्यामुळेच गेलं हे ठामपणे म्हणता आलं कारण शिंपला येण्याच्या कितीतरी आधीपासून लोक पाणी मोजत होते. उलट जर्मनीच्या सिल्ट बेटावर १९८६ मध्ये शेतीसाठी पॅसिफिक कालवं आणली, ती पसरली, सगळ्यांना वाटलं आता तिथली निळी मसल संपली, पण ती कालवांच्या फटीत राहते, हळू वाढते आणि खेकड्यांपासून मात्र वाचते. आणि आपलं हे बिचारं शिनाणं? १९९९ मध्ये फ्लोरिडाच्या टाम्पा बेमध्ये सापडलं, तिथे तेच परदेशी. परदेशी आहे म्हणून गुन्हेगार, असं आपल्या कामात चालत नाही गं.

बडोदा संस्थानाकडे सौराष्ट्राच्या टोकाचं ओखामंडळ होतं तेव्हा संस्थानाने जेम्स हॉर्नेल या समुद्री जीवांच्या अभ्यासकाकडून तिथले समुद्री जीव तपासून घेतले होते, १९०९ आणि १९१६ असे अहवालाचे दोन भाग निघाले. मिळाले तर चाळ. आधी काय होतं हे कुणीतरी लिहून ठेवलेलं असलं की पुढच्या माणसाला केवढा आधार होतो ते कळेल.

गाईडना दोन्ही राऊंड दाखव, चाऱ्याच्या नोंदीसकट. ओरडले तर ओरडू देत, माझं नाव सांगितलंस तरी चालेल. नाही छापलं या वर्षी तर पुढच्या वर्षी. तू रडवेली झालीस तेव्हा मला मीच दिसले, म्हणून एवढं लांबलं.

बुधवारी गाडीच्या आधी येऊन जा. तपकिरी बाटल्या सहा आहेत माझ्याकडे, पेपरात गुंडाळून ठेवल्यात. नमुना सावलीत ठेवायचा, त्याच दिवशी गाळायचा, आणि लेबल पेन्सिलीने लिही, पेनची शाई ओल लागली की पसरते.

तुझी,
काकू